जैतूनच्या खुणा

माझ्या थोरल्या बहिणीला मी आयुष्यात एकदाही हाक मारली नाही. मारून उपयोग नव्हता. जैतून जन्मापासून बहिरी होती. तिला बोलवायचं असलं की मी जमिनीवर पाय आपटायचे आणि तळपायाला धक्का जाणवला की ती वळून बघायची. माती जाऊन दुकानात फरशी आली तेव्हा धक्का जाणवेनासा झाला. मग मी दोरीत ओवलेल्या बांगड्यांचा तोडा तिच्या नजरेपुढून हलवू लागले.

आमचं इंदापुरात मणेराचं दुकान. अब्बा, त्यांच्या आधी आजोबा, सगळे बांगड्यावाले. अब्बांना मुलगा नव्हता, म्हणून दुकानात आम्ही दोघी बहिणी बसलो. जैतूनचं लग्न झालं नाही. माझं झालं, पण मालक लवकर गेले आणि मूलबाळ नव्हतं, म्हणून मी परत येऊन तिच्या शेजारी बसले. तेव्हापासून ती जाईपर्यंत आम्ही दोघी एकाच गादीवर, खांद्याला खांदा लावून. समोरासमोर कधी नाही. समोर गिऱ्हाईक असायचं.

आमच्या खुणा कुणी शिकवल्या नव्हत्या. त्या दुकानातच तयार झाल्या. राणी रंग म्हणजे गालाला चिमटा. हिरवा म्हणजे मनगटापासून कोपरापर्यंत बोट, नवरीच्या चुड्यासारखं. मोतिया म्हणजे पुढच्या दाताला नख. सव्वादोन, अडीच, पावणेतीन ही मापं ती माझ्या दंडावर बोटं दाबून सांगायची, कारण दोघींचे बाकीचे हात कामात गुंतलेले असायचे. पाणी म्हणजे रांजणात तांब्या बुडवताना मनगट वळतं तसं वळवायचं. पुरे झालं, आवरा, घरी चला, या सगळ्याला एकच खूण होती. काचेचा चुरा झटकावा तसे दोन्ही तळवे एकमेकांवर झटकायचे.

बांगडी फुटली असं म्हणू नये, वाढवली म्हणावं, हे आमच्या धंद्यात पोराबाळांनाही ठाऊक असतं. पण ते जैतूनला कोण सांगणार? हात भरताना बांगडी तडकली की ती बोटं मोकळी सोडून खडे सांडल्यासारखी खूण करायची, आणि वर गिऱ्हाइकाकडे बघून हसायची. जुन्या बायका कपाळाला हात लावायच्या. "जैतून, अगं वाढवली म्हण गं," असं एखादी मोठ्यानं म्हणायची, जणू मोठ्यानं म्हटलं की तिला ऐकू येईल. तरी नरसिंहपूरच्या जत्रेत आम्ही पाल मांडलं की बायका आधी तिच्याचपुढे बसायच्या. तिच्या हाताला दुखवणं माहीत नव्हतं. अंगठ्याचं मूळ ती असं दाबत राहायची की हात आपोआप लोण्यासारखा व्हायचा आणि अडीचच्या हातात सव्वादोनची बांगडी जायची.

जैतून गेली त्याला नऊ वर्षं झाली. मी आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्यानंतर दुकान चालू ठेवलं, दिवसभर तोंडानं बोलत राहिले. हातांनी बोलायला कुणी नव्हतं.

मग शेजारच्या गाळ्यात निकितानं फॉल-पिकोचं मशीन टाकलं. तिचा नवरा अजित, त्यांची गावाबाहेर पेरूची बाग आहे. त्यांची एकुलती एक मुलगी स्वरूपा तेव्हा पाच वर्षांची होती. पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, तिला ऐकू येत नाही. दुसरी, ती स्वमग्न आहे. कानाला यंत्र लावलं की ती ते काढून भिंतीवर फेकायची. कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही. जवळ घेतलं तर अंग ताठ करायची. निकिता तिला मशीनखाली पोत्यावर बसवून काम करायची आणि पोरगी पायडलच्या पट्ट्याकडे तासन्‌तास बघत राहायची.

एका बाजाराच्या दिवशी ती पोत्यावरून उठून रस्त्यावर आली. गर्दी अंगावर येताना बघून माझ्या पायरीपाशी खाली बसली आणि आपलंच मनगट चावू लागली. निकिता गिऱ्हाइकात होती. मला दुसरं काय येतं? मी तिचा हात तोंडातून सोडवला आणि अंगठ्याचं मूळ दाबायला लागले, बांगडी भरायच्या आधी दाबतात तसं, सावकाश आणि जोर लावून. तिनं हात ओढला नाही. थोड्या वेळानं तिचे खांदे खाली आले. दुसऱ्या दिवशी ती आपणहून आली आणि माझ्याकडे न बघता हात पुढे करून उभी राहिली.

मी तिला गादीवर शेजारी बसवून घेतलं. जैतून बसायची तिथंच. समोर बसून शिकवलं असतं तर तिनं तोंड फिरवलं असतं, पण आम्ही दोघी समोरच्या पेटीकडे बघत बसायचो आणि पेटीवर माझे हात चालायचे. हातांकडे तिला बघता येत होतं. दोन आठवड्यांनी तिनं स्वतःच्या गालाला चिमटा घेतला आणि राणी रंगाच्या बांगड्यांवर बोट ठेवलं.

मी त्या दिवशी दुपारी जेवले नाही, इतकंच आठवतं.

पुढची दोन वर्षं मी तिला जैतूनचं सगळं दिलं. रंग, मापं, पाणी, भूक, ऊन, कुत्रं, गिऱ्हाईक. तिनं आपल्याही काही खुणा काढल्या. आईला ती दातानं दोरा तोडल्यासारखं करायची. मला कानाची पाळी ओढून दाखवायची, माझी पाळी बाळीच्या वजनानं फाटलेली आहे म्हणून. गंमत अशी की जैतूनही मला तशीच बोलवायची आणि मी ते हिला सांगितलं नव्हतं. ती एक खूण सात-आठ वेळा करायची, उत्तर मिळालं तरी करतच राहायची. ते तिचं बोलणं होतं.

आता जे सांगायचं ते मला सोपं जात नाही. निकिता मधून मधून दारात यायची, तोंडात टाचण्या धरून विचारायची, "मावशी, काय करतीया ओ ही हातानं?"

मी म्हणायचे, "काय न्हाय, लाडात आलीया."

मी तिला सांगू शकले असते. ये, बस, बघ, असं म्हणू शकले असते. एक वर्ष नाही, दोन वर्षं. पण तिला कळलं असतं तर पोरगी तिच्याशी बोलली असती आणि माझ्याकडे कशाला आली असती? सहा वर्षांनी कुणीतरी माझ्या शेजारी बसलं होतं. मी ते कुणाला वाटून दिलं नाही.

गेल्या वर्षी बारामतीच्या एका संस्थेनं बहिऱ्या मुलांसाठी खुणांच्या भाषेचा वर्ग काढला. त्यात स्वमग्न मुलंही घेत होते. अजितनं अर्ज केला. आधी तालुक्याच्या शिबिरात तपासणी झाली, आणि आठ दिवसांनी निकिता एक कागद आणि फोन घेऊन माझ्या दुकानात आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"न्हाय म्हणाले मावशी. लिवलंय बघा." तिनं कागद वाचून दाखवला. हातांच्या त्याच त्या निरर्थक हालचाली. खुणांची भाषा शिकण्याची क्षमता दिसत नाही. पुण्याच्या निवासी केंद्रात ठेवावं. "ह्ये म्हणत्यात, बारामतीला घेऊन काय फायदा. पुण्याला ठेवू. मी म्हणलं, सात वरसाची पोर, तिला तहान लागली तरी सांगता येत न्हाय, तिला तितं कोण बघणार?"

 स्वरूपा माझ्या शेजारी मोतिया बांगड्या मापाप्रमाणे लावत होती.

"ह्यांनी फोनवर घेतलंय तपासणीचं," निकिता म्हणाली. "बघा की. अर्धा तास ह्येच चाललंय तिचं."

मी चष्मा घातला. एका खोलीत टेबल होतं, टेबलाच्या पलीकडे एक पांढऱ्या कोटातला माणूस. तो ठोकळे पुढे सरकवत होता. स्वरूपा त्याच्याकडे बघत नव्हती. तिचं मनगट खाली जात होतं, वळत होतं, वर येत होतं. पुन्हा खाली. पुन्हा वर. मग तळवे एकमेकांवर झटकणं, आणि परत मनगट. मी मोजायला लागले आणि अकरानंतर सोडून दिलं.

ती अर्धा तास पाणी मागत होती आणि ते लोक लिहून घेत होते.

"तिला तहान लागली हुती," मी म्हणाले.

"आं?"

"पाणी मागतीया ती. आणि हे हात झटकतीया ना, ते पुरं म्हणतीया. घरी चला म्हणतीया."

निकितानं फोन तसाच धरून ठेवला. "तुमाला कसं कळलं?"

 मी स्वरूपाच्या नजरेखाली पेटीवर हात ठेवला आणि विचारलं, आई कुठंय. तिनं वर न बघता दातानं दोरा तोडला आणि बोट शेजारी केलं, निकिताच्या गुडघ्याला लागेल इतकं जवळ.

निकिता खालीच बसली.  मग हळू आवाजात म्हणाली, "ही मी हाय व्हय?"

"व्हय."

"कवापासनं?"

"दोन वरसं झाली."

"मी इचारत हुते की मावशी. दारात उभी ऱ्हाऊन इचारत हुते. तुमी म्हणायचा लाडात आलीया."

 ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. कागदाची घडी घातली, पोरीचा हात धरला आणि आपल्या गाळ्यात गेली. थोड्या वेळानं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

संध्याकाळी अजित आला. तो मुळात थट्टेखोर माणूस. पायरीवर बसून म्हणाला, "म्हंजे आमी पुण्या-मुंबईचं डाक्टर पालथं घातलं, आन दुभाषा हितं भिंतीला भिंत लावून बांगड्या इकत हुता. शाब्बास." मी मान खाली घातली. तो उठताना म्हणाला, "सोमवारी बारामतीला यायचं. जे आमच्यापासनं लपवलं ते तितं समद्यांफुडं दाखवा. पोरीचं नशीब तुमच्या हातात हाय, मावशी." हे बोलताना तो हसत नव्हता.

सोमवारी आम्ही चौघं एसटीनं गेलो. मी बारामतीला कितीतरी वर्षांनी जात होते. पूर्वी अब्बांबरोबर माल आणायला जायचो तेव्हा जैतून खिडकीशी बसायची आणि पिंपळी मागे पडली की माझ्या मांडीवर थापटी मारायची, आलं बारामती म्हणून. आता खिडकीशी स्वरूपा बसली होती आणि तिला वाटेतल्या गावांशी काही देणंघेणं नव्हतं. ती पुढच्या सीटच्या दांडीवर बोट घासत होती.

संस्थेत दोन शिक्षक भेटले. फरहीन नावाच्या बाई होत्या, तिशीतल्या, ऐकू-बोलू शकणाऱ्या. आणि सुयोग म्हणून एक तरुण होता, तो स्वतः बहिरा. मुलांना खुणांची भाषा तोच शिकवायचा. तो बोलायचा ते फरहीनबाई आम्हाला सांगायच्या. त्याचे हात मी बघत राहिले. इतके भराभर चालणारे हात मी कधी पाहिले नव्हते. जैतून आणि मी बाजारात पायी चालणाऱ्या होतो, हा मोटारीतून चालला होता.

फरहीनबाईंनी आधी चहा दिला. "इंदापूरच्या मणेर का तुम्ही? माझं माहेर पणदऱ्याचं. माझ्या आईच्या लग्नाचा चुडा तुमच्याच दुकानातला असेल." मग कागद वाचून म्हणाल्या, "हे आम्ही बाजूला ठेवू शकतो. पण आम्हाला दिसायला पाहिजे."

सुयोगनं व्हिडिओ दोनदा पाहिला. मग पाटीवर लिहून ती फक्त मला दाखवली. कपाटाच्या खालच्या फळीवर रंगीत ठोकळे होते. तिला त्यातले दोन हिरवे आणि एक आभाळी आणायला सांगा.

मी स्वरूपाच्या शेजारी फरशीवर बसले. गुडघे वाजले. पुढे माझा हात धरला आणि मनगटापासून कोपरापर्यंत बोट ओढलं, दोनदा. मग कपाळावरून हात वर नेला, आभाळाकडे, एकदा. तिनं माझे हात बघितले. काही केलं नाही. पायाच्या अंगठ्यानं फरशीची फट शोधत राहिली.  निकिता दाराला टेकून उभी होती, पदराचं टोक तोंडात धरून. मी पुन्हा सांगितलं. तिनं माझ्याच खुणा मला परत करून दाखवल्या, चार वेळा, पाच वेळा, आणि मला वाटलं आता हे लोक पुन्हा तेच लिहिणार. मग ती उठली. कपाटापर्यंत गेली, दोन हिरवे आणि एक आभाळी ठोकळा घेऊन आली आणि माझ्या मांडीवर एका ओळीत लावले. त्यातला एक हिरवा किंचित फिका होता. तो तिनं परत नेऊन बदलून आणला.

सुयोग हसला. त्यानं दोन्ही हात वर करून हवेत थरथरवले. बहिऱ्या माणसांच्या टाळ्या अशा असतात हे मला फरहीनबाईंनी नंतर सांगितलं.

मग त्याला आमच्या खुणांविषयी सगळं जाणून घ्यायचं होतं. मी एकेक दाखवत गेले. अठरा रंग होते आमच्याकडे. ते बघून तो चकित झाला. म्हणाला, एवढे रंग आमच्या वर्गातही नाहीत. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. मग त्यानं विचारलं, शाळेला खूण काय?

शाळेला खूण नव्हती. जैतून शाळेत गेलीच नव्हती.

मैत्रिणीला?

आमच्याकडे गिऱ्हाईक होतं. मैत्रीण नव्हती.

"आणि 'का' असं कसं विचारता, असं म्हणतायत ते," फरहीनबाई म्हणाल्या.

मी हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. आयुष्यातली बहुतेक वर्षं आम्ही दोघी शेजारी बसलो. इतक्या वर्षांत जैतूननं मला कधी का म्हणून विचारलं नव्हतं. माझं लग्न झालं आणि तिचं का नाही झालं. मी गेले तेव्हा का गेले. मला वाटायचं, तिचा स्वभाव समाधानी आहे. सगळे तसंच म्हणायचे. विचारायला तिच्याजवळ खूणच नव्हती हे मला त्या खोलीत, या वयात कळलं.

स्वरूपाला वर्गात घेतलं. निघताना मी सुयोगला विचारलं की आता आमच्या खुणा बंद करायच्या का. तो म्हणाला, कशाला? माझ्याही घरी आईच्या वेगळ्या खुणा होत्या. मुलाला दोन्ही कळतात, असू द्या. मला बरं वाटलं. निकिताकडे मी बघितलं नाही.

मायलेकी रोज एसटीनं बारामतीला जाऊ लागल्या. शनिवारी पालकांचाही वर्ग असायचा. निकिता वही करायची, वहीत हातांची चित्रं काढायची, आणि दुपारी गाळ्यात परत आली की पिको करता करता एक हात सोडून हवेत काहीतरी करून बघायची. पूर्वी बाजारात पोरीनं हात हलवले की ती लाजून ते धरून ठेवायची. आता तीच रस्त्यात उभी राहून हात करायची आणि लोक वळून बघायचे.

पण पोरगी परत आली की माझ्याच गादीवर यायची. तिथं आल्यावर ती जैतूनच्या खुणांनी बोलायची. ते तिला सोपं होतं. तिची आई जे नवीन शिकून यायची त्याच्याकडे ती पाठ फिरवायची.

एके दिवशी निकिता माझ्याकडे आली आणि उभ्यानंच म्हणाली, "मावशी, एक मागू?"

"माग की."

"सरांनी म्हणलंय दोन्ही असू द्या. त्यांचं बरोबर असंल. पर ती तुमच्याशी बोलती तवर माझ्याशी बोलायची गरज न्हाय तिला. तिला समदं हितंच मिळतंय." तिनं पदर खोचला. "मी तुमच्या बहिणीच्या खुणा शिकले तरी शाळेत त्या कुणाला कळणार? तिला तितल्या पोरींशी बोलाय पाहिजे. थोडं दिवस तुमी हात बंद ठेवा. मला जरा जागा द्या."

दोन वर्षांपूर्वी मी तिला जागा दिली नव्हती. मी म्हणाले, "बरं."

पहिल्या दिवशी मला जमलं नाही. स्वरूपानं विचारलं आणि माझा हात आपोआप चालला. निकितानं दारातून पाहिलं आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले.

पोरीनं गालाला चिमटा घेतला. तिला राणी रंगाची पेटी हवी होती. मी पेटीकडे बघत राहिले. तिनं पुन्हा घेतला. तिनं माझा दंड ओढला, माझे हात कुठं गेले ते तिला कळेना. ती वाकून माझ्या मांडीखाली बघू लागली. मग तिनं मनगट तोंडात घातलं. मी उठून आत जायला हवं होतं, पण मी तिथंच बसून राहिले. निकिता पळत आली, तिच्या शेजारी बसली, समोर नाही, शेजारी, आणि पेटीवर आपला हात आणून नवीन खूण केली. गुलाबी. पोरीनं तिचा हात झिडकारला. निकितानं पुन्हा केली. दोन गिऱ्हाइकं येऊन परत गेली. एक म्हातारी पायरीवर उभी राहून म्हणाली, "काय गं, पोरीला काय झालं?" 

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. उन्हाची तिरीप पायरीवरून खाली उतरली होती. स्वरूपा रडून दमली होती. तिनं आईच्या हाताकडे बघितलं आणि मग तशीच खूण केली, वाकडी, अर्धवट, बोटं चुकलेली. निकितानं पेटी उघडून तिच्या पुढे ठेवली. त्यानंतर निकिता जी रडली ते मी बघितलं नाही. मी समोर रस्त्याकडे बघत होते. माझे हात मुंग्या येऊन बधिर झाले होते.

पुढे स्वरूपानं माझ्याकडे मागणं कमी केलं. आधी दिवसातून दहा वेळा, मग तीन वेळा, मग एकदा. महिन्याभरानं ती माझ्या शेजारी यायची, बांगड्या लावायची, आणि काही हवं असलं की उठून आईच्या गाळ्यात जायची. मला नवीन भाषा शिकायची हौस होती. निकितानं दोन-चार खुणा दाखवल्याही. पण जन्मभर लोकांचे हात दाबून माझी बोटं अशी झाली आहेत की दोन अलग उभी राहत नाहीत. मी केलेली खूण पोरीला ओळखता यायची नाही. ती माझ्या बोटांकडे नीट बघून दुसरीकडे बघायची.

दिवाळीनंतर त्यांनी बारामतीत खोली घेतली. रोजची दोन-दोन तासांची एसटी पोरीला झेपेना, आणि निकिताला तिथंच शिवणाचं काम मिळालं. शेजारच्या गाळ्यात आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मालक सज्जन आहे, दिवसभर गाणी लावतो.

मागच्या शनिवारी मी बारामतीला गेले. निकितानं फोनवर आग्रह केला होता, शाळेत पालकांना बोलावलंय, तुमी या. मी नवीन लुगडं नेसले आणि सकाळची एसटी धरली. मधल्या सुट्टीत मुलं अंगणात सुटली होती. बारा-पंधरा मुलं असतील आणि अंगण अगदी शांत. फक्त चपलांचा आवाज. स्वरूपा भिंतीच्या सावलीत एका मोठ्या मुलीच्या शेजारी बसली होती. दोघी समोर मातीकडे बघत होत्या आणि हातांनी बोलत होत्या. आधी ती मुलगी, मग स्वरूपा, मग ती मुलगी. स्वरूपानं एकच गोष्ट पाच-सहा वेळा सांगितली तरी त्या मुलीला काही वाटलं नाही. ती फक्त मान हलवून थांबत होती.

सुयोग येऊन भेटला. त्यानं फरहीनबाईंकडून विचारलं, तुमच्या बहिणीच्या खुणा फोनवर घेऊन ठेवू का? मी म्हणाले, पुढच्या खेपेला.

मी आणि निकिता पायरीवर बसलो होतो. भिंतीपाशी त्या दोघी एकदम हसायला लागल्या. स्वरूपाला हसताना आवाज येतो, जाडसर, घोगरा. तो मी पूर्वी दोनदाच ऐकला होता. तिनं घाईघाईनं हात करून त्या मुलीला काहीतरी सांगितलं आणि दोघी पुन्हा हसल्या. मी निकिताला विचारलं, "काय म्हणाली गं?"

निकिता पुढे वाकून बघत होती. तीही हसत होती. "काय न्हाय ओ मावशी," ती म्हणाली. "पोरींचं आपलं काहीतरी."

मी मान हलवली. मग घंटेऐवजी तिथं दिवा लावतात तो लागला आणि मुलं वर्गात गेली. स्वरूपा माझ्या अंगाजवळून गेली. थांबली नाही, पण जाताना तिची नजर माझ्या हातांवरून फिरली. ते माझ्या मांडीवर होते. मी ते हलवले नाहीत.

परतीच्या एसटीत शेजारी एक बाई बसली. लासुर्ण्याची, बोलकी. तिच्या मांडीवर वांग्याची पिशवी होती. तिनं आपल्या सुनेचं, नातवाचं सगळं सांगून झाल्यावर मला विचारलं, "बारामतीला कोण हाय तुमचं?"

मी जरा वेळ बाहेर बघितलं. उसाच्या गाड्या चालल्या होत्या.

"शेजारी ऱ्हायची एक पोर हाय," मी म्हणाले. "बोलती आता."